जंताची साखर आणि बटाट्याचा श्वास



आजच्या विषयात जंत, घोड्याच्या पोटातील अळ्या, पट्टकृमी अशा मंडळींचा संचार बराच आहे. व्याख्यान संपताच आपण घरी जाऊन पानावर बसणार, हे मला ठाऊक आहे; तेव्हा आरंभीच क्षमा मागून ठेवतो. परंतु पानातला भात, बटाट्याची भाजी, वालाची उसळ यांचे आपल्या शरीरात काय होते, हे ज्ञान ज्या वाटेने आले ती वाट या किळसवाण्या प्राण्यांच्या पोटातूनच गेलेली आहे. ती गाळून इतिहास सांगितला तर तो खोटा होईल.

प्रथम एक साधा प्रयोग. बटाट्याची एक चकती कापा आणि तिच्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. चकती निळी-काळी पडते. हे पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे लक्षण. पिष्ट, साखर आणि त्यांचे भाईबंद यांना आपण कर्बोदके म्हणतो. भातात, भाकरीत, बटाट्यात मुख्य ऐवज हाच. आता कोणी म्हणाला की मनुष्याच्या पोटातील जंतावर तोच थेंब टाकला तर तेथेही रंग येईल, निळा नव्हे पण तांबूस-तपकिरी, तर आपला विश्वास बसेल का? इ. स. १८५० च्या सुमारास युरोपातील मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांचाही बसला नसता.

त्या काळी फ्रान्समध्ये द्यूमा आणि बूसँगो या दोन विद्वानांचे मत प्रमाण मानले जाई. वनस्पती निर्माण करतात आणि प्राणी केवळ जाळतात, अशी सृष्टीची सरळ वाटणी त्यांनी करून टाकली होती. साखर करणे हे झाडाचे काम. प्राण्याने ती खावी आणि खर्चावी. बापाने मिळवावे आणि मुलाने उडवावे, असा हा हिशेब! त्याला धक्का दिला तो क्लोद बर्नार यांनी. द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा पुढे शरीरक्रियाविज्ञानाचा आचार्य झाला. प्राण्याला साखर मुळीच खाऊ घातली नाही तरी त्याच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर असते, हे त्यांना १८४८ साली आढळले होते. पण ती येते कोठून? १८५५ साली त्यांनी एका ताज्या यकृताच्या रक्तवाहिनीतून चाळीस मिनिटे पाणी सोडले. यकृत धुऊन निघाले. त्यात साखरेचा मागमूस राहिला नाही. तेच यकृत दुसऱ्या दिवशी तपासले, तो त्यात पुन्हा साखर! प्राणी मेलेला, रक्त वाहून गेलेले, आणि तरीही यकृत साखर करीतच होते. याचा अर्थ साखर ज्यापासून होते असा एखादा पदार्थ त्यात साठवलेला असला पाहिजे. १८५७ साली बर्नार यांनी तो पांढऱ्या भुकटीच्या रूपात वेगळा काढला आणि त्याला ग्लायकोजेन, म्हणजे साखर देणारा, असे नाव दिले. लोक त्याला प्राण्यांचे पिष्ट म्हणू लागले आणि ते नाव योग्यच होते. बटाट्याचे पिष्ट काय आणि यकृतातले ग्लायकोजेन काय, दोहोंतही ग्लुकोज या एकाच साखरेचे मणी ओवलेले असतात. फरक एवढाच की ग्लायकोजेनच्या माळेला फाटे फार दाट फुटतात. पिष्टाच्या माळेला विरळ, आणि काही माळा तर जवळजवळ सरळच. आयोडीनचा रंग एकीकडे निळा आणि दुसरीकडे तांबूस येतो तो या रचनेमुळे.

आता जंतांकडे वळू. १८६५ साली इंग्लंडात मायकेल फॉस्टर यांनी रॉयल सोसायटीपुढे एक लहानसा निबंध ठेवला. पोटात राहणाऱ्या काही कृमींच्या शरीरात त्यांना ग्लायकोजेन सापडले होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. पुढे मोजमापे झाली तेव्हा असे दिसले की काही पट्टकृमी व गोल जंत सुकवले तर त्या सुक्या वजनाचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, नुसते ग्लायकोजेनच असते. एखाद्या कणगीला पाय फुटावेत तसा हा प्राणी! आणि हे धान्य कोणाच्या शेतातले? आपल्याच.

पण खरे कोडे पुढेच होते. आपण साखर जाळतो ती हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने. आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. मग वीतभर लांबीचा हा गोल जंत तेथे महिनोन् महिने जगतो कसा? गुस्टाव्ह फॉन बुंगे यांनी १८८० नंतरच्या दशकात जंत प्राणवायू काढून टाकलेल्या द्रवात ठेवून पाहिले. ते कित्येक दिवस वळवळत राहिले. म्युनिकचे एर्न्स्ट वाइनलांट यांनी हा धागा पुढे नेला. १९०१ साली त्यांनी दाखवले की वायूवाचून राहिलेल्या जंतातील ग्लायकोजेन घटत जाते, कर्बवायू बाहेर पडतो आणि भोवतालच्या पाण्यात व्हॅलेरिक नावाचे एक उग्र वासाचे आम्ल जमते. (ही आम्ले नक्की कोणत्या जातीची, याविषयी पुढच्या संशोधकांनी वाइनलांट यांच्या म्हणण्यात दुरुस्ती केली, मूळ मुद्दा मात्र अभंग राहिला.) किण्व, म्हणजे यीस्ट, हवेवाचून साखर आंबवून मद्य करते, हे पाश्चर यांनी दाखवले होते. वाइनलांट म्हणाले, हा जंतही तेच करतो आहे. हे एका प्राण्याचे आंबवणे आहे. साखर पुरती जाळायची नाही, अर्धवट फोडायची, मिळेल तेवढी शक्ती घ्यायची आणि उरलेले आम्ल यजमानाच्या आतड्यात टाकून द्यायचे. उधळपट्टी खरी; पण फुकटच्या अन्नावर जगणाऱ्याला काटकसर कशाला हवी?

याची एक पुढची गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती आपल्या घरातील आहे. २०१५ सालच्या फेब्रुवारीपासून आपल्या देशात शाळा-अंगणवाड्यांतून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जाऊ लागला. मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. ही गोळी जंताला थेट विष घालून मारीत नाही. जंताच्या आतड्यातील पेशींमध्ये जे सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते त्याच्या घटकाला ती चिकटते, जाळे मोडते, ग्लुकोज शोषून घेणे बंद पडते. मग जंत साठवलेल्या ग्लायकोजेनवर दिवस काढू लागतो, आणि ते संपले की संपला. आपल्या पेशींतही तशा नळ्या आहेत, परंतु त्यांना ही गोळी फार कमी चिकटते. या जातीची औषधे १९६० नंतरच्या दशकापासून प्रचारात आली. जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती मातीत पडतात, तेथे प्राणवायूवर वाढतात आणि न धुतलेल्या भाजीपाल्याबरोबर किंवा मातीच्या हातांनी पुन्हा मुलाच्या तोंडात जातात. म्हणून एकदा गोळी दिली म्हणजे झाले असे होत नाही. पण कणगी रिकामी केली की चोर मरतो, हे सांगता आले ते कणगी आहे हे आधी कोणी पाहिले म्हणून.

आता मुख्य कथेकडे येतो. साखर प्राणवायूने जळते, हे सर्वांना मान्य होते. पण जळते म्हणजे काय? चुलीत लाकूड जळते तसे काही शरीरात होत नाही. सदतीस अंशांवर साखर डब्यात वर्षभर तशीच राहते. पेशीच्या आत कोणी तरी मध्यस्थ असला पाहिजे, जो एका हाताने अन्नाकडून घेतो आणि दुसऱ्या हाताने प्राणवायूला देतो. त्याचा शोध दोनदा लागला. पहिल्यांदा लागला तेव्हा तो फेटाळला गेला.

चार्ल्स मॅकमन हे मूळचे आयर्लंडचे, इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या गावी वैद्यकी करणारे डॉक्टर. तबेल्यावरच्या गवताच्या माळ्यावर त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली होती. दिवसभर रोगी पाहावेत आणि उरल्या वेळात वर्णपटदर्शक यंत्रातून प्राण्यांचे स्नायू न्याहाळावेत, हा त्यांचा छंद. पांढरा प्रकाश एखाद्या रंगीत द्रव्यातून नेऊन लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात काही ठिकाणी काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक द्रव्याच्या रेघा ठरलेल्या. जणू त्याची सहीच. मॅकमन यांना अनेक प्राण्यांच्या स्नायूंत आणि अवयवांत चार रेघांची एक अशी सही दिसली जी रक्ताच्या हिमोग्लोबिनशी जुळत नव्हती. १८८६ साली त्यांनी सविस्तर निबंध लिहिला आणि हे द्रव्य पेशीच्या श्वसनाशी संबंधित असावे, असे मत मांडले.

जर्मनीत फेलिक्स होप्पे-झायलर हे त्या क्षेत्रातील सार्वभौम. हिमोग्लोबिनला ते नाव देणारे तेच, आणि शरीररसायनाचे प्रमुख नियतकालिक चालवणारेही तेच. त्यांनी व त्यांच्या शिष्याने निकाल दिला की हे नवे द्रव्य वगैरे काही नाही. हिमोग्लोबिनच बिघडून झालेला तो अवशेष आहे. मॅकमन यांनी उत्तर दिले. संपादक या नात्याने होप्पे-झायलर यांनी १८९० साली, यापुढे चर्चेचे प्रयोजन नाही, अशा अर्थाची टीप जोडून वाद मिटवला. मिटवला म्हणजे दाराला कडी घातली. मॅकमन १९११ साली वारले. त्यांचा शोध पाठ्यपुस्तकांतून नाहीसा झाला. होप्पे-झायलर यांना मी खलपुरुष ठरवीत नाही. मॅकमन यांच्या लिखाणात चुका होत्या, आणि त्यांनी वेगळे काढल्याचे सांगितलेले द्रव्य शंकास्पद होते. पण त्यांना दिसलेल्या चार रेघा खऱ्या होत्या, आणि माळ्यावर चढून त्या पुन्हा पाहण्याची तसदी पस्तीस वर्षांत फारशी कोणी घेतली नाही.

दुसरा शोध लावला तो डेव्हिड कायलिन यांनी, आणि तो लावण्याचा त्यांचा मुळीच हेतू नव्हता. मॉस्कोत जन्मलेले, वॉर्सात वाढलेले, दम्याने पीडलेले हे गृहस्थ पॅरिसमध्ये शिकत होते. एकदा पावसापासून आडोसा म्हणून ते एका व्याख्यानगृहात शिरले. व्याख्यान होते कोलेरी या प्राणिशास्त्रज्ञांचे. कायलिन तेथेच रमले आणि परोपजीवी कीटकांच्या अभ्यासाला लागले. (व्याख्यानाला पावसाच्या निमित्ताने आलेल्या श्रोत्यांनाही वक्त्याने कमी लेखू नये, हे मी तेव्हापासून ध्यानात ठेवले आहे.) १९१५ साली ते केंब्रिजला आले, आणि १९२१ मध्ये तेथे परोपजीवीशास्त्रासाठी उघडलेल्या मॉल्टेनो संस्थेत त्यांचे आयुष्य गेले.

त्यांनी अभ्यासाला घेतलेला प्राणी म्हणजे घोड्याच्या जठरात वाढणारी एक माशी. तिची मादी घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांवर अंडी चिकटवते. घोडा पाय चाटतो. अळ्या तोंडात आणि तेथून जठरात जातात, आकड्यांनी भिंतीला घट्ट धरून आठ-दहा महिने तेथेच राहतात. मग लिदीबरोबर बाहेर पडून मातीत कोश करतात, आणि कोशातून निघते ती माशी काही न खाता थोडे दिवस उडते, अंडी घालते आणि मरते. या अळीचा रंग लाल. तिच्यात हिमोग्लोबिन असते. माशीत मात्र ते जवळजवळ नाही. मग कोशात असताना ते जाते कोठे? कायलिन यांचा प्रश्न एवढाच होता.

त्यासाठी त्यांनी माशीच्या उरोभागातील उड्डाणाचे स्नायू वर्णपटदर्शकाखाली ठेवले, तो चार काळ्या रेघा! प्रथम त्यांना वाटले, अळीच्या हिमोग्लोबिनचेच हे रूपांतर. परंतु ज्यांच्या अळ्यांत हिमोग्लोबिनचा थेंब नाही अशा कीटकांतही त्याच रेघा निघाल्या. मधमाश्यांची पोळी खाणारा एक पतंग असतो. तो जिवंतपणी काचेवर चिकटवून कायलिन यांनी त्याच्या स्नायूंतून प्रकाश नेला. पतंग निश्चल असताना रेघा पुसट. पंख फडफडवू लागला की ठळक. भोवती नायट्रोजन सोडला की ठळक. हवा सोडली की पुसट. जिवंत प्राण्याच्या पेशी श्वास घेताना डोळ्यांनी पाहण्याचा हा बहुधा पहिला प्रसंग.

पुढे तर आश्चर्यच. भट्टीवाले पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट पाण्यात दाट कालवून त्यांनी नळीत घेतले. त्यातही त्याच चार रेघा! नळी हवेबरोबर खळखळून हलवली, रेघा नाहीशा. नळी क्षणभर स्थिर ठेवली, पुन्हा हजर. प्राणवायू मिळाला की द्रव्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि अन्न मिळाले की पुन्हा पूर्वपदाला येते. मध्यस्थ सापडला. १९२५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कायलिन यांचा निबंध आला. त्यांनी या द्रव्याला सायटोक्रोम, म्हणजे पेशीचा रंग, असे नाव दिले आणि ते एक नसून ए, बी आणि सी अशी तीन द्रव्ये आहेत, असे सांगितले. निबंधाच्या शीर्षकातच प्राणी, किण्व आणि उच्च वनस्पती असे तिन्ही शब्द होते. आणि त्याच निबंधात त्यांनी मॅकमन यांची हकीकत सांगून त्यांचे श्रेय त्यांना परत दिले. कायलिन यांच्याविषयी मला जो आदर वाटतो तो शोधाइतकाच या परिच्छेदांसाठी. स्वतःचा शोध पहिला नाही, असे आपण होऊन छापणारे संशोधक जगात फार नसतात.

तरीही वनस्पतींविषयी एक शंका राहिलीच. कांद्यासारख्या फिकट भागांत रेघा दिसत. पण झाडाचा हिरवा रंग बाकीचे सर्व झाकून टाकतो. शिवाय बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. म्हणून तर चकत्या पाण्यात टाकतात. हवेतील प्राणवायू बटाट्यातील एका विकरामुळे, म्हणजे एंझाइममुळे, तेथील द्रव्यांना काळे करतो. काही विद्वानांचे म्हणणे असे की वनस्पतीचा श्वास हाच. त्यांचा मध्यस्थ वेगळा, आपला वेगळा. द्यूमा यांनी घातलेली झाडे आणि प्राणी यांमधील भिंत पुन्हा नव्या ठिकाणी उभी राहत होती. सायटोक्रोमकडून प्राणवायूकडे नेणारे विकर वनस्पतीतही चालते, हे कोणी तरी दाखवायला हवे होते.

हे दाखवणाऱ्या जोडीतील एक नाव मराठी आहे.

कमला भागवत या मूळच्या इंदूरच्या. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेचे अगदी आरंभीचे विद्यार्थी. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाशाच्या वर्णपटातील शोधासाठी तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवलेले, भारताचा अभिमान असलेले रामन. त्यांनी अर्ज नाकारला; कारण, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई वडिलांना घेऊन बंगलोरला गेल्या आणि हटून बसल्या. मी पहिल्या वर्गात पहिली आले आहे, मला प्रवेश का नाही ते सांगा, हा त्यांचा प्रश्न. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष कच्चे धरले जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-बेरात्रीही काम करावे लागेल, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. त्यांनी अटी मान्य केल्या. अपमान विसरल्या नाहीत, हे पुढे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

बंगलोरात श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले, आणि १९३७ मध्ये शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा जीवरसायन विभाग होता. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले हेच हॉपकिन्स. त्या विभागात रॉबिन हिल वनस्पतींवर काम करीत. हे हिल पूर्वी कायलिन यांच्याबरोबर सायटोक्रोम सी वर काम केलेले, आणि १९३७ मध्येच त्यांनी पानातील हरितकण वेगळे काढून त्यांच्याकडून उजेडात प्राणवायू सोडवून दाखवला होता. म्हणजे घोड्याच्या जठरातील अळीपासून निघालेला धागा कायलिन यांच्याकडून हिल यांच्याकडे आणि त्यांच्याकडून कमलाबाईंच्या हाती आला. बटाट्यावर काम करीत असता त्यांना सायटोक्रोम सी आणि त्याचे विकर यांचा माग लागला, आणि १९३९ साली 'नेचर' साप्ताहिकात हिल व भागवत यांचे छोटे टिपण आले: सपुष्प वनस्पतींत सायटोक्रोमचे ऑक्सिडेज आहे. बटाटा अंधारात, पोत्यात पडल्या पडल्या जो श्वास घेतो, तो आपण घेतो त्याच यंत्राने.

हल्ली वर्तमानपत्री लेखांतून, कमलाबाईंनी सायटोक्रोम सी शोधले, असे सरसकट लिहिले जाते. तसे म्हणणे कायलिन यांच्यावर अन्यायाचे आणि कमलाबाईंना त्याची गरजही नाही. नाव कायलिन यांचे, रेघा मॅकमन यांच्या. वनस्पतीत ती यंत्रणा चालते याचा पुरावा हिल आणि भागवत यांचा. एवढे मोठे काम पुरेसे आहे. त्यांचा पीएच. डी. चा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता म्हणतात. तोही पुरेसा होता.

१९३९ मध्ये त्या परत आल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण-प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. तेथे त्यांनी पुन्हा कडधान्ये हाती घेतली, आणि येथे आपल्या कथेतील जंत अनपेक्षितपणे परत येतो.

१९०३ साली त्याच वाइनलांट यांनी एक प्रश्न विचारला होता: आतड्यात मांस पचते, मग तेथेच राहणारा मांसाचा जंत का पचत नाही? जंताचा रस काढून त्यांनी पाचक रसात मिसळला, तो पचनक्रिया मंदावली. जंतापाशी आपल्या पाचक विकरांना अडवणारे द्रव्य होते. पुढे असेच द्रव्य सोयाबीनमध्ये सापडले. ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवले होते की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. आणि १९४५ साली कुनिट्झ यांनी ट्रिप्सिन या विकराला अडवणारे त्यातील प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. सोहोनीबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९५० नंतरच्या वर्षांत आपल्याकडच्या कडधान्यांत अशाच अवरोधकांचा शोध घेतला आणि ते काढले. दाण्याला स्वतःला खाल्ले जाऊ द्यायचे नसते, जंताला पचवले जाऊ द्यायचे नसते. दोघांनीही आपल्या एकाच विकराला कुलूप घालण्याची युक्ती काढली. दाण्याच्या बाबतीत आपल्याकडे किल्ली आहे, ती म्हणजे चूल. वाल-पावटे भिजवून, सोलून, चांगले शिजवूनच खायचे, ही आपल्या आज्यांची शिस्त होती. शिजवल्याने ते अवरोधक बहुतांशी निकामी होतात, हे आता मोजून सांगता येते. कच्चे कडधान्य आरोग्याचे, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा म्हणजे बव्हंशी साखरेचे पाणी. तिच्यातील आणि ताडगुळातील जीवनसत्त्वे व लोह यांचा गरीब घरच्या कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना उपयोग होतो, असे त्यांना दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. ऊन चढले की याच नीरेची ताडी होते, ती यीस्टमुळे, ज्याची नळी कायलिन यांनी हलवून पाहिली होती. विज्ञान संस्थेचे संचालकपद सोहोनीबाईंना मिळाले, पण पुष्कळ उशिरा. निवृत्तीनंतर त्या ग्राहक-संघटनेत रमल्या आणि अन्नातील भेसळीवर लिहीत राहिल्या. १९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठरवला. परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांनी तो घडवून आणला होता. त्या समारंभातच सोहोनीबाई कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत वारल्या.

बटाट्याच्या श्वासावरचे १९३९ चे टिपण लहान होते. युद्ध सुरू झाले, कमलाबाई भारतात परतल्या, आणि सविस्तर निबंध प्रसिद्ध व्हायला १९५१ साल उजाडले. त्यावर पहिले नाव भागवत आणि दुसरे हिल. त्या सोहोनी होऊन तोवर चार वर्षे झाली होती. आणि नाव आद्याक्षरानेच छापलेले असल्यामुळे, के. भागवत ही व्यक्ती स्त्री आहे हे तो निबंध वाचणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला कळण्याचा काही मार्ग नव्हता.